बिनजाळ्याचं बोलावणं

इंजिनाची फटफट आली आणि आमच्या तुटकी डॉल्फिनने वर केलेली शेपटी खाली घेतली. ऐन जाळं टाकायच्या वेळी!

"अहो शहाणे!" मी होडीतून ओरडले. "कान फुटलेत का? डॉल्फिन मासे हाकत आणत होती आमच्याकडे!"

लाँचवरच्या तरुणाने घाईघाईने इंजिन बंद केलं. गळ्यात दुर्बीण, लुंगी चिंब. "मी... मी त्यांनाच मोजायला आलोय."

"मोजा मग. शून्य."

तो हसला. माझ्यामागे जाळं धरून उभे असलेले बाबाही हसले, आणि मग मला रागावून राहता येईना.

त्याचं नाव पाइंग सो. आमच्या इरावती नदीतले डॉल्फिन मोजायला तो हिवाळाभर गावात राहिला. रोज सकाळी आमच्याच होडीत येऊन बसायचा. गावात दुसऱ्या होड्या काय कमी होत्या? बाबांना आता नुसतं धुकं दिसायचं. मी होडीच्या कडेवर काठी वाजवायची – टक, टक-टक – की तुटक्या पंखाची आमची तुटकी यायची. मासे हाकून आणायची, शेपटी उभी करायची. मी म्हणायचे, "डावीकडे, बाबा," आणि बाबा जाळं फेकायचे.

एकदा पाइंगने मांडीवर पुस्तक उघडलं. "हे बघ, सागरी डॉल्फिनचं घराणं. छत्तीस-सदतीस जाती! हा काळा-पांढरा ऑर्का, हा हवेत गिरक्या घेणारा..."

"अगं बाई, केवढं हे खटलं! लग्नात वाटायचं चहापत्तीचं लोणचं पुरायचं नाही."

"आणि ही तुमची तुटकी. घराणं समुद्राचं, पण बाईसाहेब नदी सोडत नाहीत. हट्टी!"

"हट्टी कशाला? तिचं इथे कुणीतरी असेल."

त्याने माझ्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ. गालावरचा थनाखाचा लेप सुकून ताणत होता, की मलाच काही होत होतं, कोण जाणे.

"मलाही शिकव ना वाजवायला," तो म्हणाला. काठी एक, हात दोन, त्याचा नि माझा.

बाबांना दिसत नव्हतं, पण कळत सगळं होतं. "पोरा, जाळं तयार असेल तरच वाजव हं. बोलावून जाळं टाकलं नाही, तर ते खोटं बोलणं. तिला दोनदा फसवता येत नाही."

"बरं," म्हणत तो माझ्या कानाशी कुजबुजला, "आणि मला किती दिवस 'को पाइंग' म्हणणार? नुसतं 'को' म्हण."

नावाआधी 'को' कुणाही तरुणाला मानाने लावतात; नुसतं 'को' आमच्याकडे नवऱ्याला म्हणतात. किंवा... ज्याला नवरा करायचं, त्याला.

"तेही बोलावणंच," मी म्हटलं. "जाळं तयार झालं की म्हणेन."

नदी आटू लागली आणि त्याची बदली आली. दक्षिणेला, समुद्रावर. तीन वर्षं.

"तू चल, न्वे. सगळं खटलं दाखवतो तुला."

मला जायचं होतं. खरंच सांगते, जीव तुटत होता. बाबा म्हणाले, "जा पोरी. मी टाकीन अंदाजाने." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गप्प बसवलं आणि एकट्याने जाळं फेकलं. ते आमच्याच वल्ह्यावर पडलं. मी ते सोडवत बसले. त्यांनी तोंड फिरवून घेतलं.

संध्याकाळी मी पाइंगला 'नाही' म्हणाले.

"मग मी थांबू?"

"थांबून काय कराल? रोज तेच सात डॉल्फिन मोजाल?"

तो हसला नाही. पण पुन्हा विचारलंही नाही.

सकाळी त्याची लाँच सुटली. आम्ही होडीतच होतो. नदीच्या मध्यावर गेल्यावर आवाज आला... टक, टक-टक. लाँचच्या कडेवर.

तुटकी वर आली. शेपटी उभी करून थांबली.

बाबा धडपडत उठले, जाळं खांद्यावर घेतलं. "कोण गं ते? टाकू? कुठल्या बाजूला?"

"नको बाबा. बिनजाळ्याचं आहे."

त्यांनी जाळं हळूच खाली ठेवलं. त्यांचा हात चाचपडत माझ्या डोक्यावर आला.

लाँच वळणाआड गेली. तुटकी वाट पाहून पाण्यात बुडाली. मग मी म्हटलं, अगदी हळू, "को."

ऐकायला तो नव्हता, म्हणूनच म्हटलं.