किल्ली लावलीस ना?

हिवाळ्यात आमची लँडमास्टर सुरू करायची म्हणजे पंधरा मिनिटं हाताशी ठेवावी लागत. छप्पन सालची गाडी. ऑफिसातले एक साहेब रिटायर होऊन लखनौला गेले, तेव्हा ती माझ्याकडे आली. दिल्लीच्या धुक्यात तिच्या वायरी ओलसर व्हायच्या. म्हणून आधी बॉनेट उघडून सगळं कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि मगच स्टार्टर ओढायचा. त्या सकाळीही मी एवढंच करायला बाहेर पडलो होतो. दुसरं काही मनात नव्हतं.

जानेवारी त्र्याहत्तर. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, तळमजल्यावर, मी आणि नीला राहत होतो. नीलाचे वडील अण्णासाहेब आतड्यातल्या अडथळ्यामुळे दर्यागंजजवळच्या एका नर्सिंग होममध्ये होते. वय एकाहत्तर, त्यात हृदय कमजोर. सर्जनांनी स्पष्ट सांगितलं होतं : ऑपरेशन केलं तर टेबलावरच जाऊ शकतात, नाही केलं तरी फार दिवस नाहीत. सकाळी नऊपर्यंत निर्णय कळवा.

आम्ही निर्णय घेतला होता. नको. म्हाताऱ्या माणसाची चिरफाड नको, घरी आणू, शांतपणे जाऊ देत. बोलून झाल्यावर नीला भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. झोपलं कोणीच नाही.

साडेसातला मी बॉनेट उघडलं. समोरच्या ब्लॉकचा जिनासुद्धा दिसत नव्हता. दगडी कोळशाच्या शेगड्यांचा धूर धुक्यात अडकून राहिला होता आणि घसा खवखवत होता. मी इंजिनावर वाकून प्लगच्या वायरी पुसत असताना गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मग सीटच्या स्प्रिंगा करकरल्या. थंडीत मी पुढं उभा राहायचो आणि नीला आत बसून स्टार्टर ओढायची, हे आमचं ठरलेलं होतं.

"आलीस?"

"हं."

"किल्ली लावलीस ना?"

"लावली."

"चोक पूर्ण बाहेर घे. आता ओढ."

इंजिन कण्हत फिरलं. पेटलं नाही.

उभ्या बॉनेटमुळे मला आतलं काही दिसत नव्हतं, फक्त आवाज येत होता. मी कार्ब्युरेटर पाहिला, पेट्रोल येत होतं. एका प्लगची वायर काढून लोखंडाजवळ धरली.

"पुन्हा ओढ."

इंजिन फिरलं, ठिणगी नाही. डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडलं, पॉइंट घासले, बसवले. ठिणगी नाहीच. घड्याळात आठ वाजून गेले होते आणि बोटं बधिर झाली होती.

"नऊच्या आत पोचायला हवं गं," मी म्हणालो.

"पोचले असतील."

"कोण?"

आत सीटच्या स्प्रिंगा पुन्हा करकरल्या. मग, अगदी नीलाच्या आवाजात, "ओढू?"

रात्रीच्या जागरणानं ती भलतंच बोलते आहे, असं मला वाटलं. मी बल्बाला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प कॉइलला लावला. बल्ब लागला नाही. कॉइलपर्यंत करंटच येत नव्हता. किल्ली बंद असली की होतं, तसं.

"नीला, किल्ली नीट फिरवलीस ना?"

"फिरवली."

"लाल दिवा दिसतोय?"

"दिसतोय, अहो. तुम्ही बघत राहा."

आणि मागून, घराच्या दारातून, नीलानं मला हाक मारली.

मी वळलो. पायरीवर शाल घट्ट धरून नीला उभी होती. चेहरा पांढराफटक.

"अहो... तुम्ही बाहेर कधी आलात?"

"मी? मी केव्हाचा..."

"आत्ता आतल्या खोलीत होतात. मोजे शोधत होतात. किल्ली मागितलीत, मी दिली." ती थांबली. "दारातून नुसता हात बाहेर काढलात."

माझ्या पाठीमागं इंजिन कण्हत फिरलं.

कोणी सांगितलं नव्हतं. दोन वेळा फिरलं, थांबलं. नीलानं तोंडावर हात दाबला. त्या क्षणी मी काय करायला हवं होतं कोण जाणे. मी बॉनेट आपटून बंद केलं आणि काचेतून पाहिलं. आत कोणी नव्हतं. दार उघडून सीटवर हात टेकवला आणि झटकन मागं घेतला. सगळी दिल्ली गारठली होती आणि ती सीट उबदार होती. किल्लीचं भोक रिकामं होतं.

मी घरात धावलो. आतली खोली रिकामी, मागच्या दाराची कडी आतून लावलेली. पलंगावर माझे मोजे एकात एक गुंडाळून ठेवलेले होते. किल्ली कुठंच नव्हती. ती पुढंही कधी सापडली नाही.

"चला इथून," नीला एवढंच म्हणाली. "चला, प्लीज."

बॅटरीपासून कॉइलला मी थेट एक वायर जोडली. आत बसलो, डोळे मिटून स्टार्टर ओढला. पहिल्याच झटक्यात गाडी सुरू झाली. नीला शेजारी बसली, पण मधे एक वीत जागा सोडून. रस्ताभर आम्ही एकमेकांकडे चोरून बघत होतो. ही नीलाच ना? तिच्या मनातही माझ्याबद्दल तेच चाललं होतं, हे मला तिच्या श्वासावरून कळत होतं.

पोचायला साडेनऊ झाले. काउंटरवरची सिस्टर आम्हाला बघून हसली.

"अरे, आप लोग फिर आ गए? कुछ रह गया क्या?"

"फिर?" माझा आवाज मला ओळखू येईना.

"सुबह ही तो साइन करके गए. साढ़े आठ बजे. बाबूजी अंदर हैं, ऑपरेशन चल रहा है."

तिनं फाइल उघडून दाखवली. संमतीपत्र. खाली माझी सही, जिच्यातल्या 'ज'चं शेपूट मी नकळत वर वळवतो, तसंच वळवलेलं. तिच्याखाली नीलाची, तीही मराठीत. नीला ती सही कितीतरी वेळ बोटानं चाचपत राहिली. मग मटकन बाकावर बसली.

आम्ही काय सांगणार होतो? थांबवा म्हणून? ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेरचा लाल दिवा जळत होता.

बाराला सर्जन बाहेर आले. घामेजलेले, पण खुशीत. "बिल्कुल वेळेवर हो म्हणालात," ते म्हणाले. "आतडं काळं पडायला लागलं होतं. घरी नेलं असतंत तर उद्याचा दिवस दिसला नसता."

नीला रडली. कशासाठी, ते मी तिला विचारलं नाही.

अण्णासाहेब त्यानंतर आठ वर्षं आमच्याकडेच राहिले. खणखणीत बरे. डोकं शेवटपर्यंत शाबूत. रोज वर्तमानपत्र वाचायचे, पत्रांवरचे पत्ते स्वतःच्या हातानं लिहायचे. गाडी मी त्याच महिन्यात विकली. नीला आणि मी बंद दाराआडून एकमेकांना हाक मारत नाही, आजही. आधी दार उघडायचं, चेहरा बघायचा, मग बोलायचं.

त्या सकाळी कोण भेटायला आलं होतं, काय बोललं, हे अण्णासाहेबांना विचारायचं धाडस आम्हाला कधी झालं नाही. त्यांनीही आपणहून काही सांगितलं नाही. फक्त कधीमधी, संध्याकाळी आम्ही दोघं एकदम घरात शिरलो की ते वर्तमानपत्र खाली करत, आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे निरखून बघत, आणि अगदी सहज, चहाचं विचारावं तसं विचारत,

"आज कोणते आलात?"