चौथा गोटा

काम तसं दहा मिनिटांचं होतं. घाटमाथ्यावर नवा फलक लागला होता, त्याचे चार फोटो काढायचे आणि जेवणाच्या वेळेला बालाघाटला परत. एवढ्याशा कामाला साडेतीन वर्षांच्या पोरीला सोबत न्यायची काही गरज नव्हती. पण कामवाली कमला नेमकी त्याच दिवशी आली नाही, सासूबाईंचे गुडघे दुखत होते, आणि श्रुतिकाचा जीव असा की खुशी नजरेआड झाली रे झाली की तिला पाण्यानं भरलेल्या बादल्या, उघडे सॉकेट आणि गच्चीचे कठडे दिसायला लागत. जुना रस्ता जपायची योजना लिहिणारी बाई, आणि स्वतःची पोर तीन तास घरी ठेवायची छाती नाही, असं ती मनातल्या मनात म्हणाली आणि खुशीला गाडीत बसवलं.

जुना रस्ता नव्या हमरस्त्यापासून फुटतो आणि सागाच्या जंगलातून वर चढतो. एके काळी तांदळाच्या बैलगाड्या याच वाटेनं जात. पर्यटक यावेत म्हणून श्रुतिकानं त्याच्यावर साठ पानी अहवाल लिहिला होता. त्यात मैलाचे दगड होते, दगडी मोऱ्या होत्या, पडका डाकबंगला होता आणि माथ्यावरची गोटामाय होती. गोटामाय म्हणजे रस्त्याकडेचा दगडांचा मोठा ढीग. गाडीत जितके जीव तितके गोटे तिच्यावर वाहायचे आणि मग पुढं जायचं, असा तिथला रिवाज. अहवालात श्रुतिकानं एक ओळ टाकली होती: 'ढीग रस्त्यावर पसरला आहे, निम्मा हटवून उरलेल्याचा चौथरा बांधावा.' ती ओळ लिहायला तिला अर्धं मिनिटही लागलं नसेल.

माथ्याच्या अलीकडे ड्रायव्हर चैतरामनं गाडी थांबवली, उतरला आणि कडेचे तीन दगड वेचून आला.

"हे काय, चैतरामभाऊ?"

"आपुन तीन जनं ना, मॅडम. तुमी हसा. गाडी मले चालवाची हाय."

ती हसलीच. पर्यटकांसाठीच्या पत्रकात तिनं हा रिवाज 'वाहत असत' असा भूतकाळात घालून टाकला होता.

वर पोचले तेव्हा बारा वाजत आले होते. वारा अजिबात नव्हता. मोहाचा वास मात्र होता, गोड, आंबूस, घशात बसणारा. चौथऱ्याचं सिमेंट अजून पांढरट दिसत होतं. पलीकडे मोहाच्या झाडाखाली एक म्हातारी टोपली पुढ्यात घेऊन बसली होती, पण फुलं वेचत नव्हती. चैतरामनं तीन गोटे चौथऱ्यावर मांडले, हात जोडले आणि कॅन घेऊन मोरीखालच्या ओढ्यावर पाणी आणायला गेला. श्रुतिकानं फोटो काढले. फलक चकाकत होता, म्हणून पुन्हा काढले.

"कित्ती जन आहा, बाई?" म्हातारीनं बसल्या जागेवरून विचारलं.

"तिघं."

म्हातारीनं नुसती हनुवटी चौथऱ्याकडे केली.

चौथऱ्यावर चार गोटे होते.

श्रुतिकाला पहिला संशय आला तो म्हातारीचाच. पर्यटक येणार म्हटल्यावर गोष्टी सांगून दहा-वीस रुपये काढणारे येणारच. 'स्थानिकांना कथाकथनातून रोजगार' हेही तिनंच लिहिलं होतं. दुसरा संशय चैतरामचा. सकाळपासून तो गप्प गप्प होता. मग तिचं लक्ष खुशीच्या हातांकडे गेलं. तांबड्या मातीनं भरले होते.

"खुशी, तूने रखा?" तिनं हिंदीत विचारलं; पोर दुसरं काही बोलतच नसे.

"हाँ. वो दीदी का. उसका किसी ने नहीं रखा."

"कौन दीदी?"

खुशीनं गाडीकडे पाहिलं. मागचं दार उघडं होतं. श्रुतिकानं उतरताना ते लावलं होतं... लावलं होतं का? गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या वाटेतून परत जाणारी ती. तिच्या साक्षीला किंमत किती?

म्हातारी हळू आवाजात बोलू लागली. "ज्याचा गोटा वाह्यला, तो गाडीत बसते, बाई. ज्याचा उचलला, तो इथंच राह्यते. मागच्या महिन्यात दोन ट्राल्या गोटे नेले इथून. कोनाकोनाचे होते, कोनाले इचारलं? तवापासून सारे इथंच उभे हायेत... गाडी आली का पाह्यतेत."

ती ओळ कोणाची होती, हे श्रुतिकानं सांगितलं नाही. "मग आता?" तिनं विचारलं, आणि आपण विचारलं याचीच तिला लाज वाटली.

"तिचा उचला. पन बराबर उचला. बाकीचे तीन तुमचे हायेत."

चारही गोटे सारखे दिसत होते. तेवढाच आकार, तीच धूळ. चैतराम पाणी घेऊन परत आला, त्यानं गोटे मोजले आणि कॅन खाली ठेवली. "माहा कोनता, मलेच ओळखू नाही येत," तो पुटपुटला. "राह्यू द्या, मॅडम. चला."

राहू द्यायचं, म्हणजे खुशीच्या शेजारी ती रिकामी जागा घेऊन घाट उतरायचा. हा सगळा मूर्खपणा आहे, हे श्रुतिकाला पक्कं माहीत होतं. तिच्या पाठीवरून घाम उतरत होता.

"खुशी, दीदीवाला कौन सा है?"

खुशीनं आधी गाडीच्या उघड्या दाराकडे पाहिलं. जरा वेळ पाहत राहिली, कोणी काही सांगत असल्यासारखी. मग एका गोट्यावर बोट ठेवलं. "ये वाला."

श्रुतिकानं तो उचलला. उन्हात तापून चटका बसायला हवा होता, पण तो नुसता कोमट होता, हातात घेतलेल्या लहानशा हातासारखा. सगळा जोर लावून तिनं तो दरीत भिरकावला. पडल्याचा आवाज आलाच नाही.

म्हातारी टोपली डोक्यावर घेऊन उठली. जाताना म्हणाली, "घाई केली, बाई."

घाट उतरताना खुशी मांडीवर झोपली ती घर येईपर्यंत. श्रुतिका दर वळणावर तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत होती. श्वास नीट चालू होता. घाटावरचं ऊन, रिकामं पोट, आणि आपलं घाबरट डोकं. संध्याकाळी नवरा, अनय, ऑफिसातून आला की त्याला हसवायला एक किस्सा झाला, असं तिनं स्वतःला समजावलं.

घरी सोफ्यावर ठेवताच खुशी जागी झाली. आजीकडे बघून म्हणाली, "मले पानी दे ना व."

सासूबाई गुडघे विसरल्या. "अगं, ऐकलंस का? घरात आम्ही दोन वर्षं डोकं फोडतोय, पोरगी हिंदी सोडेना. एका दिवसात मराठी आली. घाटाचं पाणी बरं दिसतंय."

कमलाकडून उचललं असेल, श्रुतिकाला वाटलं. कमला खैरलांजीकडची, तीही असंच बोलते. पण खुशीनं आपला कार्टूनचा पेला बाजूला सारला आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. तांब्यानं ओतलेलं पाणी ती घटाघटा प्यायली, थेंब न सांडता. खूप दिवसांची तहान असावी तशी.

श्रुतिका तिच्यापुढे खाली बसली. आवाज साधा ठेवायचा तिनं प्रयत्न केला. "खुशी... ती दीदी गेली ना, बेटा?"

"कोनती?"

"जिचा दगड मी फेकला ती."

पोरीनं ओल्या हातानं तोंड पुसलं आणि नकारार्थी मान हलवली. "नाही गेली. थे तं तिथंच घाटावर, त्या नव्या पाटीखाली बसून हाय." मग थोडं थांबून, जणू कान देऊन, "रडून राह्यली... सारखी मम्मी, मम्मी करून राह्यली."

श्रुतिकाच्या तळहातावर तो कोमटपणा अजून तसाच होता.