सहीच्या जागी अंगठा

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे माझ्याच बाबतीत घडलं आहे. भर दुपारी, आमच्या बंद झालेल्या बँकेत.

मी तिथला मॅनेजर होतो. आमची बँक एका मोठ्या बँकेत विलीन झाली. एका गावात दोन शाखा कशाला, म्हणून आमची बंद करायचं ठरलं. दुसरी हमरस्त्यापलीकडे, चांगली अर्ध्या तासाची चाल.

टोपल्या विणणाऱ्या एक आजी नवऱ्याच्या पेन्शनसाठी यायच्या. अंगठा लावायच्या. मी महिनाभर त्यांना शेजारी बसवून सही शिकवली. पेन कसं धरायचं, अक्षर रेघेवर कसं बसवायचं. एकेक अक्षर तोंडाने म्हणत त्या लिहायच्या.

शिपाई चिडवायचा, "आजी, आता अंगठाबहाद्दर नाही राहिलात!"

"तुझ्यासारखी चहाबहाद्दर तर कधीच नव्हते!"

मग वरून कागद आला. शाखा बंद करायला हरकत नाही, अशा ग्राहकांच्या सह्या हव्या होत्या.

"गुरुजी, हे कशाचं?" आजींनी विचारलं. मला त्या साहेब कधी म्हणाल्याच नाहीत.

"काही नाही हो. सही पक्की झाली का, बघतोय."

त्यांनी हौसेने सही केली.

शाखा बंद झाली. पुढच्याच महिन्यात नव्या शाखेकडे चालत जाताना आजी उन्हात कोसळल्या. त्या उठल्याच नाहीत.

सह्यांची फाईल मुख्य कार्यालयात पाठवायची राहिली होती. ती आणायला मी बंद शाखेत एकटाच गेलो.

पंखेसुद्धा काढून नेलेले. बाहेरच्या रस्त्याचाही आवाज नाही.

आणि काउंटरमागून...

कुणीतरी हळूच अक्षरं म्हणत होतं.

उलटी. शेवटच्या अक्षरापासून मागे... मागे...

पहिलं अक्षर आलं.

मग शाईच्या पॅडचं झाकण उघडलं... टक्.

मी वाकून पाहिलं. कुणी नव्हतं.

फाईल उघडी होती. आजींच्या नावापुढची सही गेली होती. खाडाखोड नाही, डाग नाही.

तिथे अंगठा होता. ओला.

"आजी, चुकलं माझं," मी म्हणालो.



त्याच पानावर मला एक ओळ लिहायची होती. 'ही सही मी फसवून घेतली.' पेन हातात घेतलंही. माझ्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

मी शाई वाळेपर्यंत थांबलो... आणि फाईल तशीच पुढे पाठवली.

तो अंगठा कुणाचा, हे आजवर मला कुणीही विचारलेलं नाही.