पाठमोरी

हसायचं त्यांनी खुशाल हसावं. पण हे खरं घडलंय. तेही भर दुपारी, माणसांनी गजबजलेल्या स्टुडिओत.

आमची आत्या एका मालिकेत डुप्लिकेट होती. मालिका जुळ्या बहिणींची, आणि दोघी बहिणी एकच नटी करायची. त्या समोरासमोर बोलायच्या तेव्हा पडद्यावर एकीचा चेहरा दिसायचा आणि दुसरीची पाठ.

ती पाठ आत्याची.

वर्षानुवर्षं नुसती पाठ. सेटवर कुणाला तिचं नावही ठाऊक नव्हतं. 'पाठमोरीला बोलवा,' म्हणायचे मेले.

तिची आई, म्हणजे आमची आजी, एकही भाग चुकवायची नाही. लेकीचं तोंड एकदा टीव्हीवर बघायचं, एवढीच तिची इच्छा होती.

दिग्दर्शकानं शब्द दिला होता. शेवटच्या भागात आत्याला नर्सचं काम. चेहरा दिसणार, बोलायलाही मिळणार. 'मी इथेच होते, कुठे गेले नव्हते.' एवढंच वाक्य, पण ते घोळवून घोळवून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं.

आणि ऐन वेळी ते काम गेलं दिग्दर्शकाच्या मेहुणीला! आत्याच्या तोंडाला पानं पुसून वर तिलाच फर्मावलं, नेहमीच्या जागी पाठ करून उभी राहा.

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आजपासून माझी पाठसुद्धा मिळणार नाही तुम्हाला," ती म्हणाली आणि तडक निघाली.

रस्त्यावर आल्यावर कळलं, पर्स आतच राहिली.

परत आली तर फाटकावरचा रखवालदार ओळख दाखवेना. रोजची ये-जा, तरी विचारतो, कोण हवंय? तिनं संतापून सांगितलं, मीच ती डुप्लिकेट.

तो म्हणाला, ती तर आत आहे. शॉट चालू आहे.

आत्या त्याला ढकलून आत घुसली.

सेटवर सगळं चिडीचूप...

दिव्यांच्या झोतात नटी रडत होती. आणि तिच्यासमोर...

तीच साडी. तोच अंबाडा. तोच किंचित उतरलेला डावा खांदा.

आत्याचा राग भीतीहून मोठा होता. ही कोण, असं तिनं दिग्दर्शकाला खडसावून विचारलं.

त्यानं मॉनिटरवरची नजरही हलवली नाही. "पाठ आहे ना जागेवर? मग तुमचं इथे काय काम?"

तेवढ्यात ती पाठ हलली... हळूहळू वळू लागली.

आत्या पळत सुटली.

शेवटचा भाग लागला तेव्हा आत्या आजीला खेटून बसली होती. मेहुणी कुठे दिसलीच नाही. नर्सच्या कपड्यांत कुणीतरी पाठमोरं उभं होतं. ते वळलं.

चेहरा आत्याचा. आवाज आत्याचा.

"मी इथेच होते, कुठे गेले नव्हते."

आजीच्या डोळ्यांना धार लागली. दिसली गं बाई माझी लेक, म्हणाली. मग तिनं शेजारी बसलेल्या आत्याकडे पाहिलं, जरा सरकून बसली आणि विचारलं, "तुम्ही कोण?"

आजी बाकी ठणठणीत आहे. आम्हा सगळ्यांना ओळखते. डॉक्टरांनाही काही सापडलं नाही. दिग्दर्शकानं तर आमचा फोन घेणंच बंद केलंय. एवढा संताप होतो, पण काढायचा कुणावर?

आजीचं सगळं आत्याच करते. परवा तिला जेवायला वाढत होती, तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

आजीचा चेहरा खुलला. "माझी लेक आली कामावरून. तुम्ही जरा दार उघडता का?"

आत्या जागची हलली नाही. बेल बराच वेळ वाजत होती.