निधीची रिकामी वाटी

घाटकोपरच्या त्या इमारतीची लिफ्ट बंद होती. लहान मुलांचा वजनकाटा काखोटीला मारून श्रुतिका जिना चढत होती, तेवढ्यात वरून एक दोन वर्षांची मुलगी धडधडत खाली आली आणि थेट तिच्या गुडघ्यांना बिलगली. मागोमाग वाटी-चमचा घेऊन एक उंच तरुण धावत आला. त्याच्या शर्टावर वरणभात होता. थोडा केसांतही होता.

"पकडून ठेवा हं तिला," तो धापा टाकत म्हणाला. "दोनच घास राहिलेत... आणि हा काटा कसला? मासे विकताय का?"

"मुलांचं वजन करते," श्रुतिका म्हणाली. "शीतल गायकवाड कुठे राहतात?"

"मग आमच्याकडेच आलात तुम्ही. शीतल माझी ताई. मी सम्यक, या निधीचा मामा. दुपारपर्यंत तिची आईसुद्धा मीच."

शीतलचा नवरा जहाजावर आणि ती स्वतः सकाळीच ऑफिसला जाणारी. सम्यकला मेट्रोत दुपारपाळी, तो गेला की निधी पाळणाघरात. त्यामुळे निधीला सकाळचं भरवायचं काम त्याच्याकडे होतं, आणि श्रुतिकाचं काम त्याच जेवणाशी होतं. लहान मुलं कशी जेवतात, भराभर की रेंगाळत, पोट भरल्यावर तोंड फिरवतात की नाही, आणि त्याचा वजनाशी काय संबंध, यावर ती पीएचडी करत होती. आधी भरलेली वाटी तोलायची, शेवटी उरलेलं तोलायचं, आणि मधल्या वेळात कोपऱ्यात बसून बघत राहायचं. दिवाळीपूर्वी प्रबंध द्यायचा होता, त्यामुळे एकही घर गळून चालणार नव्हतं.

नियम कडक होते. जेवण चालू असताना बोलायचं नाही, हसायचं नाही, मदत करायची नाही. आणि अभ्यास संपेपर्यंत त्या घरच्यांशी कामापलीकडे काही संबंध ठेवायचा नाही. नुसती भिंत व्हायचं. बाकीच्या घरांत तिला भिंत होणं झकास जमत होतं. इथे मात्र जमेना, कारण सम्यक तिच्याशी बोलायचाच नाही. तो निधीशी बोलायचा.

"निधी, कोपऱ्यातल्या मॅडमना भूक लागत नाही का गं? की पेन चावून पोट भरतं त्यांचं?"

श्रुतिकाने तोंडातलं पेन काढलं.

"निधी, विचार ना... कांदिवलीहून इतक्या लांब येतात, ते फक्त तुझ्यासाठीच का?"

"नाय," निधी म्हणाली. ती सगळ्यालाच नाय म्हणायची. पण श्रुतिकाचे कान तापले, आणि तिने घाईघाईने कागदावर काहीतरी खरडलं.

जेवण संपलं की तो वाटी तिच्यापुढे धरायचा. स्वच्छ, रिकामी. आता नियम संपलेला असायचा, म्हणून ती हसून म्हणायची, "छान जेवली." तो त्या हसण्याकडे बघत राहायचा, आणि मग ती काट्याशी उगाच खटपट करत बसायची.

एका शनिवारी शीतल घरी होती. निघताना ती म्हणाली, "निधी, मावशीला टाटा कर."

"मावशी नको," सम्यक घाईने म्हणाला.

"मग काय म्हणायचं?"

"काहीही म्हण ना. हिला मावशी केलंस की ती तुझी बहीण झाली, आणि मग माझी..." शीतलने आधी भावाकडे पाहिलं, मग श्रुतिकाकडे. श्रुतिका बॅगेचं बक्कल लावत होती. ते केव्हाच लागलेलं होतं.

त्या दिवशी परतताना मेट्रोत ती बसली, उठली, पुन्हा बसली. फोन काढला, चार शब्द लिहिले, पुसून टाकले. आता थोड्याच भेटी राहिल्या होत्या. त्या संपल्या की त्या घरी जायला कारणच उरणार नव्हतं... आणि त्या संपेपर्यंत काही बोलायची सोय नव्हती. घरी आईने दोनदा विचारलं, बरं नाही का म्हणून. बरं नव्हतंच, पण आईला काय सांगणार?

त्यातच तिच्या गाइड सुलक्षणा मॅडमनी निधीचे आकडे पाहिले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ही मुलगी इतकं खाते आणि वजन जागचं हलत नाही? मला हे बरं वाटत नाही. रक्ततपासणी करायला सांग. आजच."

श्रुतिका संध्याकाळी घाटकोपरला गेली. सम्यकची त्या दिवशी सुट्टी होती. तिने जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं, तरी शीतल मटकन खाली बसली.

"मी दिवसभर घरी नसते... म्हणूनच असेल ना?" तिचे डोळे भरून आले.

सम्यकच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. श्रुतिका जिना उतरून फाटकाशी आली, तोच मागून पावलं वाजली.

"श्रुतिका, थांब." पहिल्यांदाच त्याने नावाने हाक मारली होती. "निधी एवढं खात नाही. मी खातो."

"काय?"

"शेवटचे चार-पाच घास. ती तोंड फिरवते, मी ते माझ्या तोंडात टाकतो. पोराचं उरलेलं टाकून द्यायचं नाही, मोठ्यांनी संपवायचं, ही आमच्या घरची सवय. पहिल्या दिवशी सवयीनेच खाल्लं. मग तू वाटी बघून हसलीस. अख्ख्या तासात तेवढं एकदाच. म्हणून मग... दर वेळी."

"मी ती वाटी तोलते हे माहीत होतं ना तुला?"

"होतं. वाटलं, निधीला चांगले मार्क पडतायत."

श्रुतिकाला संताप आवरेना. "त्या पोरीच्या दंडात सुई खुपसणार होते, सम्यक. ताई रडतेय वर. हे सगळं मी हसावं म्हणून?"

"म्हणून तर पळत आलो ना."

"माझ्याकडे काय येतोस? आधी ताईला जाऊन सांग." आणि ती मागे न बघता निघाली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तू तिथेच बसली होतीस ना? एक माणूस समोर बसून वाटी संपवतो आणि तुला दिसत नाही?"

कोपरा अडचणीचा होता, असं काहीतरी सांगता आलं असतं. पण तिच्या तोंडून निघालं, "मी वाटीकडे बघत नव्हते, मॅडम."

मॅडमनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "ते घर काढून टाक. नवं मूल शोध. प्रबंध दिवाळीनंतर."

पुढचा आठवडा तिने कसाबसा काढला. कधी त्याचा राग यायचा, कधी स्वतःचा, आणि दोन्ही राग ओसरले की नुसती तगमग उरायची. त्याचा एकच मेसेज आला होता : "निधीला डॉक्टरांना दाखवलं. ठीक आहे म्हणाले, सुई नाही टोचली. सॉरी." तिने तो इतक्या वेळा वाचला की पाठ झाला. मंगळवारी, नेहमीच्या वेळेच्या जरा नंतर, ती पुन्हा त्याच फाटकाशी उभी होती.

तो गणवेशात, ड्यूटीला निघालेला. तिला बघून जागच्या जागी थबकला.

"निधी?" तिने विचारलं.

"झोपलीय. ताई घरी आहे आज."

त्याने पाण्याची बाटली या हातातून त्या हातात घेतली.

"बोल ना काहीतरी," श्रुतिका म्हणाली. "एरवी किती बोलायचास."

"निधी मध्ये नसली की... सुचत नाही यार."

"मग मी बोलते. मी रागावलेय, पण निम्मी तुझ्यावर आणि निम्मी माझ्यावर. तू माझ्या डोळ्यांदेखत वाटी संपवत होतास आणि मला दिसलं नाही. का, माहितीये? तू माझ्याकडे बघितलंस की मी मान खाली घालायचे. आणि तू सारखा बघायचास. मी एकदा जरी वर बघितलं असतं ना, तर पहिल्याच दिवशी पकडला गेला असतास."

त्याच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडत गेला. "म्हणजे..."

"म्हणजे तू मला आवडतोस. माझ्या प्रबंधाची वाट लागली, ते वेगळं."

सम्यकने इकडे तिकडे पाहिलं, जणू कुणीतरी मधे उभं असेल.

"निधीला नको सांगूस," ती म्हणाली. "मला सांग."

"तू... मला खूप आवडतेस," तो म्हणाला. साधंच वाक्य, पण बोलून झाल्यावर त्याला धाप लागली होती.

दोघं स्टेशनच्या दिशेने चालू लागले. चालता चालता त्याने विचारलं, "पुढच्या मंगळवारी येशील?"

"मंगळवारी मुलुंड. नवं घर मिळालंय."

"अच्छा." मग अगदी सहज विचारल्यासारखं, "तिथे कोण भरवतं?"

"मामा."

तो चालायचा थांबला.

"आजोबा रे," श्रुतिका म्हणाली. त्याचा जीव भांड्यात पडला. ते तिला स्पष्ट दिसलं, कारण ती सरळ त्याच्याकडेच बघत होती.