न बिघडलेला कान

कान बिघडला नव्हता, तरी ऊर्जिताला ऐकू येत नव्हतं.

सकाळी उठून तिने नेहमीसारखा तो चढवला होता. कानामागे बसणारा बिस्किटाएवढा काळा तुकडा आणि त्याच्या तारेला जोडलेली एक चकती. चकती डोक्यावरच्या ठरलेल्या जागी नेली, की कातडीखालच्या चुंबकाला ती टपकन चिकटायची. पुढच्याच क्षणी पंखा, कुकर, गल्लीतला भाजीवाला, सगळं जग एकदम घरात शिरायचं. आज चकती चिकटली. हिरवा दिवाही लागला. पण जग काही आत आलं नाही.

"आई!" तिने हाक मारली. ती हाक तिची तिलाही ऐकू आली नाही.

आई, म्हणजे शीतल, धावत आली. तिने बॅटरी बदलली, चकती पुसली, तुकडा काढून परत लावला. ऊर्जिताला ओठ थोडेफार वाचता यायचे. आईच्या ओठांवर तिला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा दिसत होता, "आता? आता येतंय?" आणि ती नुसती मान हलवत होती.

मग आईचं लक्ष मोबाइलकडे गेलं. यंत्र बनवणाऱ्या नादसेतू कंपनीचा निरोप आला होता. 'आपल्या यंत्राच्या आवृत्तीची सेवा आता थांबवण्यात आली आहे. नव्या आवृत्तीच्या माहितीसाठी येथे दाबा.' नादसेतू मागच्या वर्षी एका परदेशी कंपनीने विकत घेतली होती. तेव्हाही असाच एक निरोप आला होता, आणि जाहिरात समजून आईने तो सोडून दिला होता.

आईने फोन लावला. पलीकडे बोलणारा यंत्रमानव होता. आई काय म्हणतेय हे ऊर्जिताला नीट कळलं नाही, पण तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झालेल्या दिसल्या. "माणूस द्या हो! कुणीतरी माणूस द्या!" एवढं मात्र तिला ओठांवरून वाचता आलं.

आजोबा मागच्या खोलीत होते. डॉ. भूपाल मगदूम हे आईचे वडील. ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओलहरी पकडणाऱ्या मोठ्या दुर्बिणीवर त्यांनी आयुष्यभर काम केलं होतं आणि निवृत्त झाल्यावर ते जयसिंगपूरला लेकीकडे राहायला आले होते. गोंगाटातून बारीकसा संकेत शोधून काढणं हे त्यांचं शास्त्र. ऊर्जिताला वाटलं, आजोबांना हे सहज जमेल.

त्यांनी भिंतीवरचा छोटा पांढरा फळा काढून टेबलावर ठेवला. आता तिच्याशी बोलायचं तर लिहूनच बोलावं लागणार होतं. मग त्यांनी काळ्या तुकड्याला दोन तारा जोडल्या, त्या लहरी दाखवणाऱ्या एका पडद्याला लावल्या आणि टाळी वाजवली. पडद्यावरची वरची रेघ उसळली.

'ही आत येणारी लहर,' त्यांनी लिहिलं. 'म्हणजे माइक ठणठणीत आहे. माइकने टिपलेला आवाज प्रोसेसर (तुकड्यातला छोटा संगणक) विजेच्या बारीक ठोक्यांमध्ये बदलतो. ते ठोके चकतीतून कातडीपलीकडे जातात. तिथे तुझ्या कानाच्या शंखात इलेक्ट्रोड (केसासारख्या तारेवरचे धातूचे ठिपके) बसवलेले आहेत. ते श्रवणनाडीला (आवाजाचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या नाडीला) हलकेच टोचतात. त्या टोचण्यांना तुझा मेंदू आवाज म्हणतो.'

"मग अडलंय कुठे?" ऊर्जिताने विचारलं.

त्यांनी पुन्हा टाळी वाजवली. वरची रेघ उसळली. खालची रेघ, बाहेर जाणाऱ्या ठोक्यांची, तशीच सपाट पडून राहिली.

'मध्ये एक दार आहे,' आजोबांनी लिहिलं. 'तू कान चढवलास की प्रोसेसर इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला (दूर कुठेतरी सतत चालू असलेल्या मोठ्या संगणकाला) विचारतो, "या मुलीला ऐकू देऊ का?" तिथून "हो" आलं की दार उघडतं. आज तिथे उत्तर द्यायला कुणी नाही.'

ऊर्जिताने ते पुन्हा एकदा वाचलं. "माझ्या कानाला दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागतं? रोज?"

'रोज.'

"पण का?"

आजोबांनी खांदे उडवले. मग फळा पुसून लिहिलं, 'चोरीला गेलेलं यंत्र कुणी वापरू नये म्हणून, असं कंपनी सांगते. त्यात तथ्य नाही असं नाही. पण दुसऱ्या कुणी ते दुरुस्त करू नये, हेही कारण असतंच. हल्ली सगळ्याच वस्तूंचं असं झालंय. तुझ्या शाळेच्या टॅबवरची गोष्टींची पुस्तकं मे महिन्यात गायब झाली, आठवतं? दुकानातून आणलेलं पुस्तक न्यायला दुकानदार घरी येत नाही. ही पुस्तकं मात्र तो बसल्या जागेवरून घेऊन गेला.'

"मग तुम्ही नवा प्रोग्रॅम लिहा ना आजोबा! जो कुणालाच काही विचारणार नाही."

आजोबांनी खडूसारखा तो पेन बोटांत फिरवला. हाच प्रश्न येणार हे त्यांना माहीत होतं.

'लिहीन. पण तुझा कान तो चालवणार नाही. ज्या प्रोग्रॅमवर कंपनीची मोहर आहे, तोच तो चालवतो.'

"मग तशीच मोहर बनवा!"

'सातला तेराने गुण,' त्यांनी लिहिलं.

"एक्क्याण्णव."

'लगेच आलं. आता उलटं सांग. कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार दोनशे एकवीस होतो? एक सोडून.'

ऊर्जिताने कागद ओढला. तीनने भाग जाईना, सातने जाईना, अकराने जाईना. कितीतरी वेळाने ती म्हणाली, "तेरा आणि सतरा!"

'बघ. गुणाकार चुटकीसरशी झाला, पण तो सोडवायला घाम फुटला. आता शेकडो अंकी संख्या घे. ती सोडवायला जगातल्या संगणकांना युगं लागतील. हल्ली याहून अवघड कोडी वापरतात, पण तत्त्व हेच. एका बाजूने सोपं, उलट्या बाजूने जवळजवळ अशक्य. ज्याच्याकडे मूळ गुप्त संख्या असते, तोच मोहर उमटवू शकतो. त्या संख्येला किल्ली म्हणतात. मोहर खरी की खोटी एवढं मात्र कुणालाही तपासता येतं. तुझ्या कानालासुद्धा.'

"वाईट आहे हे गणित."

आजोबांनी जोरात मान हलवली. 'गणित फार सुंदर आहे, बाळ. याच्याच जोरावर दवाखान्यातली तुझी माहिती चोरांपासून सुरक्षित राहते. कुलूप चांगलंच आहे. किल्ली कुणाच्या खिशात आहे, ते विचारायचं. घर आपलं, कुलूप आपलं, आणि किल्ली परक्याच्या खिशात. आपण ते कधी विचारलंच नाही.'

आई दारात उभी होती. तिने ते वाचलं आणि ती आत निघून गेली. यंत्र बसवलं त्या दिवशी 'मी सहमत आहे' हे बटण तिनेच दाबलं होतं. तेव्हा ऊर्जिता दीड वर्षाची होती. ते बटण कोणती आई दाबणार नाही?

तरीही आजोबांनी प्रयत्न केले. त्यांनी नवा तुकडाच बनवायला घेतला. पण कातडीखालचा भागसुद्धा मोहर बघितल्याशिवाय ठोके घेत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मिरजेच्या डॉ. सलोमी रणभिसे यांनीच ऊर्जिताची शस्त्रक्रिया केली होती. त्यांनी डोक्याचा स्कॅन काढला आणि आईला स्पष्ट सांगितलं, "तारेभोवती हाड वाढलंय. ती ओढून काढायला गेलो तर नाडीला इजा होईल. त्या कानात दुसरं यंत्र बसणार नाही. डावा कान कधी वापरलाच गेला नाही. तिथे आता यंत्र बसवलं तर आवाज येईल कदाचित, पण शब्द कळतीलच असं मी म्हणणार नाही. आणि शीतलताई, ऐकणं थांबलं की मेंदूतली ती जागा दुसऱ्याच कामाला लागते. वेळ आपल्या बाजूने नाही."

आजोबांनी ते सगळं फळ्यावर उतरवलं. ऊर्जितापासून काही लपवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

पावसाळा गेला, थंडी आली. ऊर्जिताचं बोलणं बदलू लागलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसला की तो हळूहळू आपल्या ताब्यातून सुटतो. 'स' आणि 'श' तिच्याही नकळत एकमेकांत मिसळले. सुरुवातीला आई तिला दुरुस्त करायची, पुढे तिने ते सोडून दिलं. एकदा वर्गात कविता म्हणताना मुलांचे खांदे हलताना ऊर्जिताला दिसले. त्यानंतर शाळेत तिने तोंड उघडलं नाही.

पण सगळ्यात वाईट गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. ती शेवटी एका दुपारी तिने आजोबांना सांगितली.

"आजोबा, मला कुकरची शिट्टी आठवते. एसटीचा हॉर्न आठवतो. पण आईचा आवाज आठवत नाही."



नादसेतूच्या यंत्रांवर ऐकणारी अशी कितीतरी मुलं राज्यभर होती. त्यांच्या पालकांनी मिळून ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. सुनावणीला आई, आजोबा आणि ऊर्जिता कोल्हापूरला गेले. कंपनीच्या वकील बाईंनी सांगितलं, की यंत्र ग्राहकांना विकलं होतं, पण त्यातल्या प्रोग्रॅमचा फक्त वापरपरवाना (काही अटींवर वापरायची परवानगी) दिला होता. परवाना केव्हाही थांबवता येतो, ही अट करारातच होती.

आजोबा भराभर लिहीत होते. ते वाचून ऊर्जिता उठून उभी राहिली. इतक्या महिन्यांत ती परक्या माणसांसमोर पहिल्यांदाच बोलत होती.

"तो प्रोग्रॅम तुमचा असेल," ती म्हणाली, "पण तो माझ्या डोक्यात आहे. माझ्या डोक्यातलं दार बंद करण्याआधी मला एकदा विचारायला हवं होतं."

शब्द वेडेवाकडे आले असणार, हे तिला ठाऊक होतं. पण यावेळी कुणाचे खांदे हलले नाहीत. वकील बाईंनी मान खाली घातली.

आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला! ज्यांनी सेवा बंद केली, त्यांनी किल्ली रुग्णांच्या स्वाधीन करावी, असा आदेश झाला. आईने ऊर्जिताला तिथेच उचलून घेतलं. आता ती उचलण्याएवढी लहान राहिली नव्हती, तरीही.

पुढच्या तारखेला कंपनीने उत्तर दिलं. ऊर्जिता आजोबांच्या हातातल्या फळ्याकडे बघत होती. पेन फळ्यावर टेकला आणि तिथेच थांबला. तिने वर पाहिलं. तिने आईकडे पाहिलं, आणि आईच्या चेहऱ्यावरून तिला जे कळायचं ते कळलं.

किल्ली उरलीच नव्हती. कंपनी विकली गेली तेव्हा जुनी माणसं कामावरून गेली आणि सेवा बंद करताना जुनी यंत्रणा पुसून टाकण्यात आली. तिच्याबरोबर ती गुप्त संख्याही पुसली गेली. मुद्दाम कुणी केलं नव्हतं. ती जपून ठेवायला हवी, असं कुणाला वाटलंच नव्हतं. आता कंपनीची इच्छा असती तरी ती ते दार उघडू शकत नव्हती.

परतीच्या बसमध्ये आजोबांनी फळ्यावर लिहिलं, 'प्रकाशवर्षं दूरच्या ताऱ्याचा आवाज मी ऐकला. आणि हे दोन बोटांवरचं दार मला उघडता आलं नाही.'

ऊर्जिताने पेन घेऊन त्याखाली लिहिलं, 'तुमच्याकडून नाही बिघडलं.' मग ती खिडकीबाहेर बघत राहिली. उसाचे ट्रॅक्टर मुक्याने येत होते आणि मुक्याने जात होते.

आयोगाच्या आदेशात आणखी एक भाग होता. त्या दिवशी त्याच्याकडे तिघांपैकी कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. यापुढे शरीरात बसवायच्या कोणत्याही यंत्राची किल्ली आधी एका विश्वस्त संस्थेकडे ठेव म्हणून द्यायची. कंपनीने सेवा सोडली, तर ती किल्ली रुग्णाची. नियम नव्या यंत्रांना होता. जुन्यांसाठी त्यात काहीच नव्हतं.

वर्षभराने ऊर्जिता डाव्या कानाच्या तपासणीसाठी मिरजेला गेली. शस्त्रक्रिया करायची की नाही, हे अजून ठरत नव्हतं. डॉ. रणभिसेंच्या खोलीत एक तरुण जोडपं बसलं होतं. अल्ताफ आणि त्याची बायको नसीम. नसीमच्या मांडीवर त्यांची इनाया होती. तिचं यंत्र आज पहिल्यांदाच सुरू होणार होतं. हे सगळं, तिच्या नावासकट, आईने ऊर्जिताला लिहून दाखवलं.

ऊर्जिता आता खुणांच्या भाषेत बोलायची. तिने हाताने काहीतरी विचारलं. आईने ते अल्ताफला सांगितलं, "ती विचारतेय, किल्ली कुणाकडे आहे?"

"ठेवलीय, ठेवलीय," अल्ताफ म्हणाला. "आम्हीपण तेच पहिलं विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, नियमच झालाय आता." मग तो थबकला. ऊर्जिताच्या केसांखालची रिकामी जागा त्याला दिसली असावी. "ते तुमच्यामुळं झालं काय, ताई?"

आईने मान डोलावली.

डॉक्टरांनी चकती लावली आणि पडद्यावर काहीतरी केलं. इनाया कापडी चेंडूशी खेळतच राहिली. नसीमचे डोळे भरून आले होते, तिच्या तोंडून शब्द फुटेना, आणि अल्ताफ तिलाच सावरत होता. डॉ. रणभिसेंनी चौघांकडे बघितलं आणि ऊर्जिताकडे बोट करून खुणेने सांगितलं, 'तू हाक मार.'

ऊर्जिताने जोरजोरात मान हलवली. तिचा आवाज कसा झालाय, हे तिला माहीतच नव्हतं. घोगरा, फुटका, कसाही असेल. पण ती छोटी मुलगी पाठमोरी बसली होती, आणि तिने आजवर कधी कुठलाच आवाज ऐकलेला नव्हता. चांगला नाही, वाईटही नाही.

"इनाया," ऊर्जिता म्हणाली.

तिला काहीच ऐकू आलं नाही. इनायाचे हात चेंडूवर थांबले. ती गर्रकन मागे वळली आणि मोठ्ठे डोळे करून ऊर्जिताच्या तोंडाकडे बघत राहिली.

"इनाया," ऊर्जिताने पुन्हा हाक मारली.