मार्गारेटचं प्रस्थान

"सुमेधाताई, माझा पासपोर्ट गायब आहे! दुपारी डब्लिनहून विमान आहे. गंधारला आणायला कशी जाऊ मी?"

फोनवर स्वप्ना रडतच होती. सुमेधा तडक रस्ता ओलांडून समोरच्या घरात गेली. ती आयर्लंडमधल्या किलकेनीच्या इस्पितळात भूलतज्ज्ञ होती. लोकांना झोपवणं हा तिचा व्यवसाय आणि जाग्या माणसांच्या भानगडी उकलणं हा छंद.

घर उलटंपालटं झालं होतं. स्वप्नाचा लहानगा गंधार नागपूरला मोठ्या काकांकडे होता. सहा महिन्यांसाठी म्हणून ठेवलेला, त्याला दोन वर्षं झाली. आता कुठे त्याचा व्हिसा आला होता, आणि नेमके आजच आईच्या पासपोर्टला पाय फुटले.

"शेवटचा कधी पाहिलास?"

"काल दुपारी. बॅगेत ठेवला."

"नंतर घरात कोण आलं?"

"कुणीच नाही. आई, रुपेश आणि मी. संध्याकाळी मी तालमीला गेले होते."

तालीम होती मराठी मंडळातल्या एकपात्रीची. स्वप्नाने मार्गारेट ब्यूफोर्टचं आयुष्य लिहिलं होतं. वयाच्या तेराव्या वर्षी, विधवा असताना आई झालेली ही इंग्रज उमरावकन्या. पोर लहान असतानाच राजाने त्याचं पालकत्व परक्याला देऊन टाकलं. पुढे तो मुलगा समुद्रापार परागंदा झाला. तो परतून राजा होईपर्यंत बाई वाट बघत राहिली. "इतक्या लांबची बाई कुठून शोधलीस?" असं मंडळात कुणीतरी विचारलं, तेव्हा स्वप्ना नुसती हसली होती. सुमेधाला मात्र नागपूरचा गंधार आठवला होता.

स्वयंपाकघरात स्वप्नाच्या सासूबाई, रुपेशची आई शकुंतलाबाई, दही-साखरेची वाटी धरून बसल्या होत्या.

"मावशी, काल बॅगेला हात लावलात?"

"लावला न बाई. तिची ओढणी काढली. आज अमावस्या, म्हणून कालच प्रस्थान ठेवलं तुमच्याकडे. ओढणीत सुपारी-हळकुंड बांधलं अन् रुपेशच्या हाती पाठवलं."

जाण्याचा दिवस चांगला नसला, तर आदल्या दिवशीच प्रवाशाची एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. ते गाठोडं सुमेधाच्या कपाटात, इथल्या बोलीत प्रेसमध्ये, पडून होतं.

स्वप्नाचा नवरा रुपेश सोफ्यावर फोन चाळत होता.

"आई आणि तिची अमावस्या! विमानाला पंचांग कळतं का, डॉक्टर?" तो हसला. "पासपोर्ट असेल इथेच कुठेतरी. मिळेल. सगळं ठीक होईल, ग्रँड!"

"मग आजचं जाणं रद्द?"

"आता काय इलाज?"

"बरं. मग ते गाठोडं परत आणून देते."

रुपेश ताडकन उठला. "नको! प्रस्थान परत घरात आणू नये. अपशकुन असतो. राहू द्या तिथेच, सोडूही नका."

सुमेधा घरी गेली. गाठोडं घेऊन आली आणि सगळ्यांसमोर तिने गाठ सोडली. ओढणीच्या घडीत पासपोर्ट होता.

"पंचांगाला हसणाऱ्याला लगेच अपशकुन कसा आठवला, रुपेश?" ती म्हणाली. "गाठोडं मावशींनी बांधलं, पण माझ्याकडे आणलंस तू. बॅगेतला पासपोर्ट काढून घेतलास आणि वाटेत गाठ सोडून आत सरकवलास. घराचा कानाकोपरा धुंडाळला जाणार हे तुला माहीत होतं. पण प्रस्थान परत आणून उघडायची इथे कुणाची छाती नव्हती. आणि माझा संशय तुझ्यावर आला तो स्वप्नाच्याच नाटकामुळे. मार्गारेटवर राजद्रोहाचा ठपका ठेवला, तेव्हा तिला किल्ल्यात कोंडलं नाही. नंतरच्या नवऱ्याच्याच ताब्यात दिलं. पहारेकरी घरातलाच होता."

"मी दादाला शब्द दिलाय," रुपेश पुटपुटला. "त्यांना मूल नाही. गंधार तिकडेच राहणार होता."

"मला न विचारता?" स्वप्ना मटकन खाली बसली. इतका राग तिला जन्मात आला नव्हता.

"ऊठ," सुमेधा म्हणाली. "अजून वेळ आहे. मी गाडी काढते."

शकुंतलाबाईंनी वाटी खाली ठेवली. धाकट्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. थोरल्याला नागपूरला फोन लावला.

"गंधारचे कपडे बांधून ठेव," त्या म्हणाल्या. "त्याची माय निघाली."